कॉल चालू आहे

बिबवेवाडीहून रोज हिंजवडीला जाते असं सांगितलं की लोकांचे चेहरे पडायचे. "बाई गं, रोज? जाऊन येऊन?" असं विचारायचे, जणू मी सांगणार होते की जाते रोज, पण परत येते आठवड्यातून एकदाच. हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये सगळीकडे माझ्या प्रवासाची कीव केली जायची. मी ती कीव मुकाट्याने घ्यायचे. खरं सांगितलं असतं तर कीव तर गेलीच असती, वर प्रवासही कोणीतरी काढून घेतला असता. पुढे तो काढून घेतलाच, आणि तोही मी काही न सांगता.

खरं असं होतं की कंपनीच्या बसमधला सकाळचा आणि संध्याकाळचा वेळ एवढाच माझ्या दिवसातला माझा वेळ होता. बाकीचा दिवस आधीच वाटून झालेला असायचा. घराला घराचा, ऑफिसला ऑफिसचा. बसमधल्या वेळावर कोणाचा डोळा नव्हता, कारण तो त्रासाचा वेळ आहे असं सगळ्यांचं मत होतं. त्रासात कोणी वाटा मागायला येत नाही.

बस आमच्या कोपऱ्यावरून सुटायची, स्वारगेटला भरायची, मग कर्वे रस्ता, चांदणी चौक असं रखडत वाकडच्या पुलाखालून हिंजवडीत शिरायची. कंपनीच्या बसमध्ये जागा कोणाच्या नावावर नसतात, असं कंपनी म्हणते. प्रत्यक्षात पुढच्या दोन रांगा गुडघे दुखणाऱ्या वरिष्ठ मंडळींच्या, मागची लांब सीट नव्या पोरांची आणि मधल्या सगळ्या जागा गप्पांच्या. माझी जागा मागच्या चाकावरची, खिडकीशी. तिथे पाय धड ठेवता येत नाहीत, म्हणून ती कोणालाच नको असायची. मला पायांचं काही नव्हतं, मला खिडकी आणि कान एवढेच लागत होते.

बसमध्ये वाढदिवसाचे केक कापले जायचे, गणपतीत आरती व्हायची, कोणाच्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पेढे फिरायचे. मी पेढा घ्यायचे, अभिनंदन म्हणायचे आणि इअरफोन परत कानात घालायचे. 'मॅडम शिष्ट आहेत' हे माझ्याबद्दलचं मत फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. मी ते खोडायच्या भानगडीत पडले नाही. शिष्ट बाईला कोणी हलवून विचारत नाही की काय ऐकताय.

आधी हातात पुस्तक धरून वाचून पाहिलं होतं. बस हलली की पोटात ढवळायचं. मग ऑडिओबुकचं ॲप घेतलं. सुरुवातीला पटेना. वाचायचं दुसऱ्याने आणि ऐकायचं आपण, हे कोणीतरी भरवल्यासारखं वाटायचं. पण चार-दोन पुस्तकं झाल्यावर लक्षात आलं की मला इतकी वर्षं कोणी भरवलंच नव्हतं. मी सगळ्यांना वाढत होते, आणि या बसमध्ये एक अनोळखी माणूस रोज माझ्यासाठी, घाई न करता, ओळीमागून ओळ वाचत होता. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त घ्यायचं होतं. त्याची चटक लागली.

मग घरी का नाही ऐकायचीस, असं कोणी विचारेल. आमच्या घरात वाचायला बंदी नाही. सासूबाई सकाळचा पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचतात. पण मी पुस्तक घेऊन बसले की घराला एकदम माझी आठवण येते. "वाचत्येस का? वाच, वाच. मी निवडते कोथिंबीर." या वाक्यानंतर जिला पुढचं पान उलटता येतं तिला माझा नमस्कार. मला कधी जमलं नाही.

एकदा कानाला हेडफोन लावून पोळ्या करून पाहिल्या. सासूबाई येऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. मी हेडफोन काढला तेव्हा म्हणाल्या, "हाका मारत होते. असू दे. तुमच्या कानात मोठमोठी माणसं असतात, आमचं काय ऐकणार तुम्ही." एरवी त्या मला अगंतुगं करतात. तुम्ही म्हणाल्या की समजायचं. माझा मुलगा नववीत आहे, त्याच्या कानातून हेडफोन निघालेला मी पाहिलेला नाही. त्याच्या मात्र खांद्यावर हलकेच हात ठेवून ताट समोर आणून ठेवतात.

घरात वाईट कोणी नाही, हीच खरी पंचाईत आहे. वाईट माणसाशी भांडता येतं. चांगल्या माणसांशी भांडायला गेलं की आपणच वाईट ठरतो, आणि वर ती माणसं आपल्याला समजून घेतात.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. मी मूळची वऱ्हाडातली. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा माझं बोलणं ही घरातली करमणूक होती. मी 'स्वयंपाक करून राहिली' म्हटलं की सगळे हसायचे. पाहुणे आले की "बोल ना जरा तुमच्याकडचं" अशी फर्माईश व्हायची. मीही हसायचे, नवी होते. वर्षा-दोन वर्षांत माझी जीभ इतकी पुणेरी झाली की माहेरी फोनवर बोलताना आई म्हणायची, "कोण बोलून राहिलं वं?" ती थट्टा करायची, पण मला ते लागायचं. आता आई नाही. त्या भाषेत माझ्याशी बोलणारं कोणी उरलेलं नाही.

ती कादंबरी मला ॲपमध्ये अशीच, दुसरं काही शोधताना सापडली. वऱ्हाडातल्या एका रेल्वेफाट्याच्या गावात खानावळ चालवणारी बाई. तिचा नवरा तरुणपणीच एके दिवशी काही न सांगता निघून गेलेला. ती चूल पेटवते आणि गोदामातल्या, मालधक्क्यावरच्या माणसांना जेवू घालायला लागते. वर्षं जातात. अर्धी कादंबरी झाल्यावर एका दुपारी तो नवरा परत येतो. म्हातारा झालेला, अंगावर धड कपडा नाही, खानावळीच्या दाराशी उभा राहतो. रोज येतो, रोज उभा राहतो. ती रोज वाढत राहते, त्याच्याकडे पाहत नाही. ती त्याला घरात घेते की नाही, एवढाच पुढच्या अर्ध्या पुस्तकाचा प्रश्न.

वाचणाऱ्या बाईचा आवाज जाडसर होता. निवेदन ती साध्या मराठीत वाचायची, पण खानावळवालीच्या तोंडचं वाक्य आलं की थेट तिकडचं बोलायची. "काय पाहून राहिला गा? जेवाचं असन तं बस, नाही तं रस्ता मोकळा कर." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बस स्वारगेटच्या सिग्नलला उभी होती. खाली रिक्षावाले भांडत होते. माझ्या आईच्या स्वयंपाकघरातलं बोलणं कोणीतरी हसवायला नाही, तर सांगायला वापरत होतं. मी ते वाक्य मागे नेऊन पुन्हा ऐकलं. सिग्नल सुटेपर्यंत तेच ऐकत बसले.

ते पुस्तक मी पुरवून पुरवून ऐकत होते. एखाद्या दिवशी मुद्दाम दुसरं काही लावायचे, म्हणजे हे लवकर संपणार नाही. बाई त्याला घरात घेईल का, यावर मी बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, भांडी लावताना विचार करायचे. घेऊ नये असं वाटायचं. घेईल अशी भीती वाटायची. स्वतःच्या बाबतीत इतका जीव लावून मी गेल्या कित्येक वर्षांत कशाचाच विचार केला नव्हता.

त्याच सुमारास नवऱ्याचं ऑफिस खराडीहून हिंजवडीला हललं आणि दसऱ्याला आमच्या घरी गाडी आली.

झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सगळं रीतसर झालं. सासूबाईंनी गाडीला ओवाळलं, मुलाला ओवाळलं आणि मला म्हणाल्या, "सुटलीस बाई. आता राणीसारखी जाशील." सोसायटीतले चार लोक जमले होते, ते सगळे माझ्याकडे पाहत होते. आनंदी चेहरा मला करता येतो, नोकरीने तेवढं शिकवलंय. गाडी हिच्यासाठी घेतली, असं नवरा प्रत्येकाला सांगत होता आणि ते खरंच होतं. मला विचारलं मात्र नव्हतं. विचारलं असतं तर सरप्राइज कसलं राहिलं असतं?

बसची नोंदणी रद्द करायचा मेल त्याने स्वतः लिहून दिला. मी फक्त पाठवला. शेवटच्या दिवशी गप्पांच्या रांगेतली एक बाई उठून माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "सुटलात मॅडम." मीही म्हटलं, "हो ना." ती जाईपर्यंत इअरफोन हातात धरून ठेवला. उतरताना ड्रायव्हरने विचारलं, उद्यापासून कोपऱ्यावर थांबायचं नाही ना. नाही म्हटलं.

गाडीतून आम्ही कात्रजवरून, बायपासने जायला लागलो. थंड हवा, मऊ सीट, पाय ठेवायला ऐसपैस जागा. तक्रार करावी असं काहीही नव्हतं, आणि मला तिथे श्वास घेता येत नव्हता. नवऱ्याला गाडीत काहीतरी शिकायची सवय आहे. यशस्वी माणसं पहाटे उठून काय करतात, पैसा कुठे गुंतवावा, माणसं कशी हाताळावीत, असलं सगळं तो मोबाइलवरून गाडीच्या स्पीकरवर लावतो आणि दुप्पट वेगात ऐकतो. बोलणारा माणूस कोणीतरी मागे लागल्यासारखा बोलत सुटतो. दुप्पट वेगात ऐकून वाचलेला वेळ हा माणूस ठेवतो कुठे, ते मला अजून सापडलेलं नाही.

"मी कानात लावून ऐकू का माझं?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"म्हणजे मी काय ड्रायव्हर आहे?" तो म्हणाला. रागाने नाही, हसत. पण उत्तर ते होतं.

काही दिवसांनी त्यालाच वाईट वाटलं असावं. म्हणाला, "आज तुझं लाव. स्पीकरवर लाव. बघू तरी काय ऐकतेस." मी लावलं. लावायला नको होतं. वाकडला पोहोचेपर्यंत त्याने तीनदा विचारलं की ही बाई इतकी हळू का वाचते, वेग वाढवता येत नाही का. मग म्हणाला, "अजून स्वयंपाकच चाललाय?" मग खानावळवाली बोलली आणि तो खळखळून हसला. "करून राहिली! अगं, ही तर तू. लग्नानंतरची तू." ऑफिस येईपर्यंत तो मला त्याच सुरात विचारत राहिला. काय करून राहिली, कुठे जाऊन राहिली. प्रेमाने विचारत होता. मला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटत होतं.

येताना मी पुन्हा लावलं, कारण तेवढाच वेळ होता. म्हातारा पावसात खानावळीच्या वळचणीला उभा आहे, बाई आतून त्याच्या भिजणाऱ्या पायांकडे पाहतेय, अशी जागा आली होती. तेवढ्यात स्पीकरमध्ये फोन वाजला आणि सासूबाई बोलायला लागल्या. कढीपत्ता संपलाय, येताना आण, मागच्या वेळी आणलेला जून होता. फोन ठेवल्यावर कादंबरी आपोआप पुढे सुरू झाली. मी बंद केली आणि परत लावली नाही.

आणि मग एके सकाळी, नवले पुलाच्या उतारावर, नवरा म्हणाला, "तुझं ते खानावळीचं पुस्तक. काल जेवण झाल्यावर नेटवर बघितलं. सारांश मिळाला."

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "घेते ती त्याला घरात. शेवटी घेते."

त्याला वाटलं मी ऐकलं नाही.

"घेते घरात. घेणारच ना, म्हातारा माणूस, जाणार कुठे बिचारा. पाच मिनिटांत वाचून झालं. तुझे किती तास वाचवले बघ."

गाडीचं दार उघडून उतरावं असं मला अगदी खरंच वाटलं. नवले पुलाच्या उतारावर ते कोणालाच शक्य नसतं. मी एवढंच म्हटलं, "मला ते ऐकायचं होतं."

"मग ऐक की. आता उलट निवांत ऐकता येईल, टेन्शनच नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "रागावलीस? अगं, मला वाटलं तुला बरं वाटेल."

त्याला ते वाटलंच होतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्याच्या ऑफिसात हेच चालतं आणि माझ्याही. जाडजूड अहवालाचं सार एका स्लाइडवर आणून दिलं की पाठ थोपटतात. त्याने माझ्यासाठी ती मेहनत घेतली होती. जेवण झाल्यावर, मॅच सोडून, बायकोला काय आवडतं ते शोधायला बसला होता. इतकी वर्षं मी वाट पाहिली की यानं कधीतरी माझ्या आवडीत लक्ष घालावं. घातलं ते असं.

संध्याकाळी जेवताना तो हा किस्सा सासूबाईंना सांगत होता. "गोष्टीचा शेवट सांगितला म्हणून रुसलीय." सासूबाई आमटी वाढून घेत म्हणाल्या, "आमचं बरं होतं. आम्हाला कोणी काही सांगायचंच नाही." सगळे हसले. मुलगा हेडफोनमध्ये होता, तोही सगळे हसले म्हणून हसला.

मी बसला परत जायचं ठरवलं. एका रविवारी चहा पिताना नवऱ्याला सांगितलं, अगदी सहज, की गाडीत मला गरगरतं, बसने गेलेलं बरं. सासूबाई म्हणाल्या, "दारात गाडी असताना बसने? लोक विचारतील भांडलात का." नवरा पेपरची घडी घालत बसला आणि मग हळूच म्हणाला, "माझ्याबरोबर यायला आवडत नाही का तुला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. दिलं असतं तर संसार वगैरे मोडला नसता, पण रविवार नासला असता, आणि नासलेला रविवार आमच्याकडे महिनाभर पुरतो. मी म्हटलं, "तसं नाही रे." सोमवारी कंपनीत चौकशी केली तर त्या मार्गावर आता छोटी बस होती आणि ती भरलेली होती. चाकावरची जागासुद्धा गेली होती.

त्यानंतर बरेच दिवस मी काहीच ऐकलं नाही. गाडीत यशस्वी माणसं धावत होती, मी बाहेरच्या टेकड्या पाहत होते. चिडचिडी झाले होते. कोणाला कारण कळत नव्हतं आणि सांगण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं. नवरा मारत नाही, दारू पीत नाही, रोज ऑफिसच्या दारात सोडतो. माझी गोष्ट हरवली आहे, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

मार्ग दाखवला तो माझ्या मॅनेजरने. त्याला स्वतःला याची कल्पना नाही. एका सकाळी कात्रजलाच त्याचा फोन आला, तातडीचा. परदेशातलं गिऱ्हाईक, सगळी टीम फोनवर. मी इअरफोन लावला आणि पाहते तर नवऱ्याने यशस्वी माणसांचा आवाज बंद केला. पंख्याचा आवाज कमी केला. पुढे टेम्पो आडवा आला तरी हॉर्न वाजवला नाही, हातानेच त्याला शिव्या घातल्या. सासूबाईंचा फोन आला, तो त्याने कट केला आणि नंतर त्यांना दबक्या आवाजात सांगितलं, "तिचा कॉल चालू आहे." मी थक्क होऊन पाहत होते. ज्या गाडीत मला माझ्या कानात माझी गोष्ट ऐकायची परवानगी नव्हती, तिथे मॅनेजरसाठी वाऱ्यालाही गप्प केलं होतं.

कॉल बावधनच्या आसपास संपला. मी इअरफोन काढला नाही. नवऱ्याने भुवया उंचावून विचारलं. मी बोट ओठांवर ठेवलं. तो शहाण्यासारखा गप्प झाला.

दुसऱ्या दिवसापासून मी ती कादंबरी पहिल्या प्रकरणापासून लावली.

आता माझे रोज कॉल असतात. सकाळी असतात, संध्याकाळी असतात. शनिवारी गॅलरीत बसूनही असतात. अधूनमधून 'येस', 'ओके', 'आय विल चेक' असं बोलावं लागतं, नाहीतर शंका येते. खानावळवाली एकटीच चुलीपुढे बसून नवऱ्याच्या आठवणीने हमसते, आणि मी खिडकीकडे पाहत म्हणते, 'शुअर, बाय फ्रायडे.' याची लाज वाटायला हवी होती. मला वाटली नाही, रागच आला. ज्या घरात मी पोळ्या लाटताना कान झाकले तर अपमान होतो, त्याच घरात आता सासूबाई माझ्या कॉलसाठी मिक्सर थांबवतात. मुलाला दटावतात, "हळू बोल, आईचा कॉल चालू आहे." शेजारणीला दारातूनच कौतुकाने सांगतात, सुट्टीच्या दिवशीही सोडत नाहीत मेले. कोथिंबीर स्वतः निवडतात आणि त्याबद्दल एक शब्द काढत नाहीत. मी तीच बाई आहे, कान तेच आहेत. फरक इतकाच की आता माझ्या कानात माझं काही नाही अशी सगळ्यांची खात्री आहे.

नवरा तर मित्रांना सांगतो, "आमच्याकडे तीच जास्त बिझी." त्यात अभिमान असतो.

शेवटचं प्रकरण आलं ते एका संध्याकाळी, परतताना. चांदणी चौकाच्या पुढे गाड्या तुंबल्या होत्या. शेवट मला माहीत होता, त्यामुळे खरं तर मी फक्त उरलेलं उरकायला बसले होते. घेते घरात. पाच मिनिटांत होण्यासारखं.

त्या प्रकरणात दुपारची पंगत बसलेली असते. मालधक्क्यावरचे लोक रांगेत बसलेत. बाई पत्रावळी मांडत जाते आणि रांगेच्या शेवटी एक पत्रावळ जास्त मांडते. दाराकडे न पाहता म्हणते, "हात धू अन् बस जेवाले." एवढंच. म्हातारा हात धुतो, बसतो. ती भाकरी घेऊन रांगेतून येते, प्रत्येकाला विचारते तशी त्यालाही विचारते, "आणखीन देऊ का?" तो मान वर करतो, त्याला वाटतं ती थांबेल. ती पुढच्या माणसाकडे गेलेली असते. जेवण झाल्यावर तो आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहतो. ती त्याच्या हातात एक चटई देते आणि ओसरी दाखवते, जिथे बाकीची मुक्कामाला राहणारी गिऱ्हाईकं झोपतात.

घेतलं की घरात. सारांश खोटा नव्हता. तो त्या घरात मरेपर्यंत राहिला आणि एकदाही तिचा नवरा झाला नाही, एवढंच काय ते सारांशात नव्हतं.

त्या जाडसर आवाजाच्या बाईने ते शेवटचं पान अजिबात घाई न करता वाचलं. मला रडू आवरेना. आवाज होऊ नये म्हणून तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. आईची आठवण येत होती, त्या बाईचा हेवा वाटत होता, आणि हे सगळं मी 'नोटेड' म्हणायच्या तयारीत बसून ऐकत होते.

नवऱ्याने पाहिलं. वारज्याच्या सर्व्हिस रोडवर गाडी बाजूला घेतली. खुणेनेच विचारलं, म्यूट आहे का? मी मान डोलावली. तो दबक्या आवाजात म्हणाला, "ओरडला का मॅनेजर?"

"हो," मी म्हटलं.

"सगळ्यांसमोर?"

"हो."

त्याचा चेहरा खरोखर उतरला. माझ्यासाठी इतका उतरलेला त्याचा चेहरा मी आई गेली तेव्हाही पाहिला नव्हता. त्याने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना काय कळणार तुझी किंमत." मग खाली उतरला, टपरीवरून दोन चहा घेऊन आला, माझा खिडकीतून दिला आणि माझ्या कॉलमध्ये अडथळा नको म्हणून स्वतःचा ग्लास घेऊन लांब, रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. शेजारून जाणारं कोणीतरी मोठ्याने फोनवर बोलत होतं, त्याला त्याने हात करून आवाज कमी करायला लावला.

चहा गोड होता. मी पीत पीत त्याच्याकडे पाहत राहिले. चांगला माणूस आहे. संसाराच्या इतक्या वर्षांत तो माझ्यासाठी इतका वेळ गप्प उभा राहिला नव्हता, आणि आताही तो माझ्यासाठी उभा नव्हता. मला त्याची दया यावी म्हणून मी थोडा वेळ थांबले. आली नाही.

त्याने लांबूनच अंगठा वर करून विचारलं, झाला का?

मी मान हलवून नाही म्हटलं, आणि शेवटचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लावलं.